रेषा म्हणते २३१, प्रत्यक्षात उडी २००!

मुलांच्या शाळेतून घरी येणाऱ्या कामांची आपल्याला आता चांगलीच सवय झाली आहे. पुठ्ठ्याचा किल्ला, डाळी-कडधान्यांचा नकाशा, वहीत चिकटवायची पानं-फुलं, सगळं आईच्याच हाताखालून जातं. पण मुलं नववी-दहावीच्या पुढे गेली की आईचा हात या कामातून हळूहळू सुटतो. त्यातून विषय गणिताचा असला तर बोलायलाच नको. "बाबांना विचार," नाहीतर "क्लासच्या सरांना विचार," हे आपलं उत्तर ठरलेलं. आपण गणिताशी नातं तोडूनही आता पंधरा-वीस वर्षं झालेली असतात.

हल्ली वरच्या वर्गांतल्या मुलांना गणिताचा एक नव्या तऱ्हेचा प्रकल्प करावा लागतो. खेळातले खरेखुरे आकडे घ्यायचे, त्यांना एखादं गणिती सूत्र बसवून दाखवायचं आणि त्या सूत्रावरून पुढचा अंदाज सांगायचा. आय.बी. अभ्यासक्रमात गणिताचा असा एक शोधप्रकल्प असतो आणि त्याला अंतिम गुणांपैकी २० टक्के गुण असतात. त्याच अभ्यासक्रमात पूर्वी एक नेहमीचा प्रश्न असे: ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या उंच उडीचा १९३२ ते १९८० पर्यंतचा तक्ता देत आणि त्याला सूत्र शोधायला सांगत. आता विषय मुलांनी स्वतः निवडायचा असतो. इतर शाळांतूनही अशी कामं येऊ लागली आहेत.

हा प्रकल्प आपल्याला वाटतो तितका परका नाही, मैत्रिणींनो. त्यातली आकडेमोड मुलं करतील, यंत्र करील. पण त्यात जे खरं शहाणपण लागतं, ते आपल्याजवळ आहे. कसं ते एका उदाहरणानं पाहू या. पुरुषांचा तक्ता बाजूला ठेवून आपण बायकांच्या उंच उडीचा घेऊ.

ठिपके मांडू या

ऑलिंपिकमध्ये बायकांना मैदानी खेळांत प्रथम प्रवेश मिळाला तो १९२८ साली, अ‍ॅम्स्टरडॅमला. त्या वर्षी उंच उडीचं सुवर्णपदक कॅनडाच्या एथेल कॅथरवुडनं मिळवलं. तिची उडी होती १५९ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आतबाहेर. तेव्हापासून १९८८ पर्यंत सुवर्णपदक मिळवणाऱ्या बायकांच्या उड्या सेंटिमीटरमध्ये अशा:

१९२८ – १५९, १९३२ – १६५, १९३६ – १६०, १९४८ – १६८, १९५२ – १६७, १९५६ – १७६, १९६० – १८५, १९६४ – १९०, १९६८ – १८२, १९७२ – १९२, १९७६ – १९३, १९८० – १९७, १९८४ – २०२, १९८८ – २०३.

हे झाले चौदा आकडे. आलेखाच्या कागदावर आडव्या बाजूला साल, उभ्या बाजूला उंची, आणि प्रत्येक सालाला एक ठिपका. इथपर्यंत काही अवघड नाही. ठिपके मांडले की नुसत्या डोळ्यांनाही दिसतं, की ते डावीकडून उजवीकडे चढत गेले आहेत. अगदी ओळीत नाहीत. एखादा वर गेला आहे, एखादा खाली घसरला आहे. पण चढ आहे हे नक्की.

आता शिवणाचा दोरा घ्या. दोन्ही हातांत ताणून या ठिपक्यांवर असा धरा, की निम्मे ठिपके दोऱ्याच्या वर आणि निम्मे खाली राहतील आणि कुठलाही ठिपका फार लांब पडणार नाही. झाली तुमची रेषा! "आकड्यांना मॉडेल बसवणं" असं ज्याला भारदस्त नाव आहे, त्याची सुरुवात या दोऱ्यापासूनच होते.

दोऱ्याऐवजी थोडी आकडेमोड करायची असेल तर तीही सोपी आहे. चौदा ठिपक्यांचे सात-सातचे दोन गट करा. पहिल्या सातांची सरासरी उंची येते १६८.६, दुसऱ्या सातांची १९४.१. सालांची सरासरी काढली तर दोन्ही गटांमध्ये ३१.४ वर्षांचं अंतर पडतं. म्हणजे ३१.४ वर्षांत उडी २५.६ सेंटिमीटरनं वाढली. वर्षाला सुमारे ०.८१ सेंटिमीटर. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हा भागाकार काही जड नाही.

मुलं हेच काम कॉम्प्युटरवर किंवा कॅल्क्युलेटरवर करतात. तिथे जी रीत वापरली जाते ती फ्रान्सच्या लजांद्र या गणितज्ञानं १८०५ साली छापून प्रसिद्ध केली. तिला "किमान वर्ग पद्धती" म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. प्रत्येक ठिपका रेषेपासून किती वर किंवा खाली आहे ते मोजायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि ही बेरीज ज्या रेषेला सगळ्यांत कमी येते ती रेषा निवडायची. वर्ग कशाला? तर वरची आणि खालची चूक एकमेकींना खाऊन टाकू नये म्हणून. आणि एखादी मोठी चूक लपून राहू नये म्हणूनही.

या रीतीनं आपल्या चौदा ठिपक्यांची रेषा येते ती अशी: उंची = १५६.४ + ०.७७४ × (१९२८ नंतर गेलेली वर्षं). आपण हातानं काढलेलं ०.८१ आणि यंत्राचं ०.७७, फार फरक नाही बघा!

आणि ही रेषा बसते किती छान! १९८८ साठी ती २०२.८ सांगते, प्रत्यक्ष उडी होती २०३. रेषा किती चांगली बसली हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला "आर-स्क्वेअर" म्हणतात. तो १ च्या जितका जवळ तितकं बरं. इथे तो ०.९३ येतो. मुलगा किंवा मुलगी खूश होऊन म्हणेल, "आई, झाला माझा प्रोजेक्ट!"

इथेच आईनं म्हणायचं, "थांब जरा."

रेषा दोन्ही टोकांनी ओढून पाहा

साडी घेताना आपण नुसती वरची घडी पाहून पैसे देत नाही. उलगडायला लावतो, पदर पाहतो, आतलं टोक पाहतो. रेषेचंही तसंच करायचं.

ही रेषा पुढे ओढली तर २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी ती किती उडी सांगते? १९२८ पासून ९६ वर्षं. ०.७७४ गुणिले ९६, अधिक १५६.४. उत्तर येतं जवळजवळ २३१ सेंटिमीटर. आणि प्रत्यक्षात काय झालं? युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखनं सुवर्णपदक मिळवलं ते २०० सेंटिमीटरवर. इतकी छान बसलेली रेषा चांगली फूटभर चुकली!

बरं, हे काही एकदम झालं नाही. १९९२ साली रेषा २०६ म्हणत होती, उडी झाली २०२. साल २००० साठी रेषा म्हणते २१२, उडी झाली २०१. २०१६ साठी रेषेचं उत्तर २२४ च्या पुढे, उडी मात्र १९७. ठिपके कधीच आडवे पसरू लागले होते, आणि रेषा आपली चढतच होती.

आणखी पुढे ओढा. याच रेषेनं २१२० च्या सुमारास बायका दहा फुटांवरून, म्हणजे आपल्या घराच्या छताच्या उंचीवरून उडी मारतील. आता मागे ओढा. १९२८ च्या मागे मागे जात राहिलं तर १७२६ साली उडीची उंची शून्य होते. म्हणजे इकडे थोरले बाजीराव पेशवेपदावर होते, त्या काळी जगातल्या उत्तमातल्या उत्तम उडी मारणाऱ्या बाईचा पाय जमिनीवरून सुटतच नव्हता म्हणायचं! आणि त्याच्या आधी तर बायका जमिनीच्या खाली उडी मारत असल्या पाहिजेत.

हसू येतं ना? पण ही थट्टा नव्हे. रेषा जिथे मूर्खपणाचं बोलू लागते ती जागा शोधणं, हाच या प्रकल्पातला अर्धा अभ्यास आहे. आणि ती जागा ओळखायला गणिताची पदवी लागत नाही.

घट्ट ब्लाऊज

रेषा चुकली असं कळल्यावर मुलं हमखास एक युक्ती करतात. कॉम्प्युटरला सांगतात, सरळ नको, वळणावळणाची रेषा दे. कॉम्प्युटर बिचारा हुकुमाचा ताबेदार. तुम्ही सूत्रात जितक्या संख्या जास्त घालाल तितकी वळणं तो वाढवतो. चौदा ठिपके असतील तर पुरेशी वळणं देऊन तो प्रत्येक ठिपक्यातून अचूक जाणारी रेषा काढून देतो. आर-स्क्वेअर पुरता १!

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना यातली गोम लगेच कळेल. मापाला इतका तंतोतंत, अंगाला चिकटलेला ब्लाऊज शिवला, की उभं राहून फोटो काढायला ठीक. पण फळीवरचा डबा काढायला हात वर केला की उसवलाच. चांगली शिंपीण थोडा दाब सोडते, हालचालीला जागा ठेवते. सूत्राचंही तसंच. प्रत्येक ठिपक्याला चिकटलेली रेषा मधल्या मोकळ्या जागेत भलतेच हेलकावे घेते आणि शेवटच्या ठिपक्यानंतर आकाशात किंवा पाताळात निघून जाते. तिनं ठिपके पाठ केलेले असतात. त्यातलं तिला काही समजलेलं नसतं. पाठांतर करणारं मूल आणि समजून घेणारं मूल यांतला फरक आपण आया चांगला जाणतो.

म्हणून मुलांना सांगावं: सूत्र जितकं साधं ठेवता येईल तितकं ठेवा, आणि जास्तीचं वळण घालायचं असेल तर "का" हे सांगता आलं पाहिजे.

विरजण आणि उंच उडी

मग कोणती रेषा घ्यावी? त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ.

दुधाला विरजण लावलं की पहिला काही वेळ काहीच झालेलं दिसत नाही. मग थोड्या वेळात ते भराभर लागतं. आणि एकदा घट्ट झालं की तसंच राहतं. दह्यातले सूक्ष्म जीव आधी थोडे असतात, मग एकाचे दोन, दोनाचे चार होतात, आणि आंबटपणा वाढला की त्यांची वाढ आपोआप मंदावते. सुरुवातीला सावकाश, मध्ये वेगानं, शेवटी स्थिर: अशा वाढीचा आलेख काढला तर तो जरा तिरक्या, ताणलेल्या इंग्रजी "एस" अक्षरासारखा दिसतो. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञानं लोकसंख्येच्या वाढीसाठी असं सूत्र १८३८ साली मांडलं. पुढे त्याला "लॉजिस्टिक" हे नाव रूढ झालं.

मुलांची उंची आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं मांडून ठेवतो, तिथेही असाच धडा मिळतो. पाच वर्षांचं मूल ११० सेंटिमीटर आहे आणि वर्षाला सहा सेंटिमीटर वाढतं आहे असं धरून सरळ रेषा ओढली, तर चाळिसाव्या वर्षी ते ३२० सेंटिमीटरचं व्हायला हवं! पण वाढीला छत असतं, हे कुठल्याही आईला माहीत असतं.

उंच उडीलाही छत असणारच. माणसाचे स्नायू, हाडं, पृथ्वीची ओढ, यांना मर्यादा आहेत. छत किती उंचीवर ठेवायचं हे मात्र चौदा ठिपके सांगत नाहीत. ते विचार करून ठरवावं लागतं. समजा आपण १९८८ साली बसलो आहोत. त्याआधीच, १९८७ मध्ये, बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्टादिनोव्हानं रोमला २०९ सेंटिमीटरचा जागतिक विक्रम केला होता. तेच छत धरू. तळ १५५ धरू, आणि वाढीचा मधला, सगळ्यांत वेगाचा काळ १९६१ च्या आसपास. असा वक्र हातानं बसवून पाहिला तर तो १९२८ साठी १५९ सांगतो, १९६० साठी १८१, १९८८ साठी २०३. ठिपक्यांशी त्याचं बरं जमतं. आणि २०२४ साठी? जवळजवळ २०९. प्रत्यक्ष उडी २००.

म्हणजे हाही चुकलाच की! हो, पण ३१ सेंटिमीटरची चूक ९ वर आली. शिवाय हा वक्र छताबाहेर कधी जात नाही. त्याच्यातही खोट आहेच: मागे नेला तर तो १८०० सालीही १५५ च म्हणत राहतो, आणि तेव्हाचं तर आपल्याकडे काही मोजमापच नाही. प्रकल्पात हे सगळं जसंच्या तसं लिहायचं. "माझं सूत्र या वर्षापासून त्या वर्षापर्यंत चालतं, त्यापुढे चालत नाही, आणि त्याचं कारण हे," असं लिहिणारं मूल "माझं सूत्र अचूक आहे" असं लिहिणाऱ्या मुलापेक्षा जास्त शिकलेलं असतं.

छत जवळ आलं आहे याची एक खूणही सांगण्यासारखी आहे. कोस्टादिनोव्हाचा २०९ चा विक्रम मोडला तो ७ जुलै २०२४ रोजी. माहुचिखनं पॅरिसच्याच एका स्पर्धेत २१० सेंटिमीटरवरून उडी मारली. म्हणजे ३७ वर्षांत विक्रम पुढे सरकला तो एका सेंटिमीटरनं, आपल्या करंगळीच्या रुंदीइतका.

ठिपक्यांमागच्या बायका

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आलेखावर ठिपका सारखाच दिसतो. पण प्रत्येक ठिपक्यामागे एक बाई आहे, आणि प्रत्येक मोकळ्या जागेमागेही.

तक्त्यात १९३६ नंतर एकदम १९४८ आहे. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं महायुद्धामुळे झालीच नाहीत. आपली सरळ रेषा त्या जागा सहज भरून काढते. १९४४ साठी १६९ असं सांगूनही टाकते. पण त्या रिकाम्या जागेत अमेरिकेची अ‍ॅलिस कोचमन होती. १९३९ ते १९४८ अशी सलग दहा वर्षं तिनं आपल्या देशातली उंच उडीची स्पर्धा जिंकली. ती कृष्णवर्णीय होती, दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातली. तिथल्या सार्वजनिक मैदानांवर तिला सरावाला जागा नव्हती, म्हणून ती मातीच्या रस्त्यांवर धावून सराव करी. उमेदीची सगळी वर्षं युद्धात गेली, आणि १९४८ साली लंडनला संधी मिळाली तेव्हा तिनं १६८ सेंटिमीटर उडी मारून सुवर्णपदक घेतलं. ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणारी जगातली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिची १९४० ची आणि १९४४ ची उडी किती झाली असती, हे कुठल्याही रेषेला सांगता यायचं नाही.

१९६० आणि १९६४ चे ठिपके रेषेच्या वर का गेले? कारण ते दोन्ही एकाच बाईचे आहेत, रुमानियाच्या योलांदा बालाशचे. १९६१ साली तिनं केलेला १९१ चा विक्रम दहा वर्षं कुणाला मोडता आला नाही. १९६८ साली ती स्पर्धेत नव्हती, आणि ठिपका १८२ वर घसरला. मुलांना असा खटकणारा ठिपका पुसून टाकण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे रेषा छान बसते. पुसू देऊ नका! खटकणारा ठिपका म्हणजे "इथे काहीतरी घडलं आहे, चौकशी करा" अशी पाटी असते.

१९७२ चा १९२ आणि १९८४ चा २०२ हे दोन ठिपके जर्मनीच्या उलरिके मायफार्टचे. पहिल्यांदा जिंकली तेव्हा ती सोळा वर्षांची होती; बारा वर्षांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिनं पुन्हा सुवर्णपदक मिळवलं आणि तेही दहा सेंटिमीटर अधिक उंच उडी मारून. ती पाठीवरून, डोकं आधी टाकून, दांडीपलीकडे जाई. ही तऱ्हा गाजली ती १९६८ साली मेक्सिकोत, अमेरिकेच्या डिक फॉस्बरीनं पुरुषांचं सुवर्णपदक जिंकलं तेव्हा. आधीच्या काळी उडीनंतर वाळूत किंवा भुशात पडावं लागे. तिथे पाठीवर पडायची कोणाची छाती होणार? फोमच्या जाड गाद्या आल्या आणि उडीची तऱ्हाच बदलली. म्हणजे आलेखावरचा चढ निव्वळ पायांच्या ताकदीचा नाही. त्यात गाद्यांचाही वाटा आहे. सूत्रात गादी कुठे दिसत नाही, पण प्रकल्पात तिचा उल्लेख यायलाच हवा.

मोकळ्या जागांचं आणखी एक उदाहरण सांगते. १९२८ साली बायकांची ८०० मीटरची शर्यतही झाली होती. शेवटी धावपटू दमून कोसळल्या, हे बायकांच्या प्रकृतीला झेपणारं नाही, असा गवगवा झाला आणि ती शर्यत बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली एकदम १९६० साली. या शर्यतीचा आलेख काढला तर बत्तीस वर्षं कोरी दिसतात. त्या वर्षांत बायका धावत नव्हत्या असं नाही. त्यांना धावू दिलं नव्हतं. तक्त्यात आकडा नाही म्हणजे माणसात ताकद नाही, असा अर्थ काढायचा नसतो. आपल्या मुलींना गणिताबरोबर एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

शास्त्रज्ञांचीही रेषा

रेषा फार लांब ओढायचा मोह मोठ्यामोठ्यांनाही होतो. २००४ साली "नेचर" या नामांकित विज्ञान-साप्ताहिकात अँड्र्यू टेटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑलिंपिकच्या १०० मीटर शर्यतीचे आकडे घेऊन बायकांची एक आणि पुरुषांची एक अशा दोन सरळ रेषा बसवल्या. बायकांची वेळ अधिक वेगानं कमी होत होती. दोन्ही रेषा पुढे ओढल्यावर त्या २१५६ साली एकमेकींना छेदत होत्या. म्हणजे त्या वर्षी बाई ८.०७९ सेकंदांत आणि पुरुष ८.०९८ सेकंदांत शर्यत संपवील, बाई पुढे! बातमी जगभर गाजली.

वाचकांनी लगेच आक्षेप घेतले. त्यातला एक तर आपण वर केला तोच: हीच रेषा आणखी ओढली तर २६३६ च्या सुमारास शर्यत शून्य सेकंदात संपते. बंदुकीचा बार होण्याआधीच बाई पोचलेली असेल! प्रत्यक्षात २००८ साली बायकांची विजेती वेळ होती १०.७८ सेकंद आणि २०२४ साली १०.७२. सोळा वर्षांत सहा शतांश सेकंदांचा फरक. आधीच्या काळात वेळा झपाट्यानं कमी झाल्या, कारण बायकांना मैदानाची दारं नव्यानं उघडत होती. दार एकदाच उघडतं. त्या वेगाची रेषा पुढची दीडशे वर्षं तशीच ओढायची नसते.

विषय निवडताना

मुलांना आपल्या आवडीचा खेळ घ्यावासा वाटतो, आणि तो घेऊ द्यावा. फक्त ठिपके पुरेसे आहेत ना, एवढं पाहावं. सातारा जिल्ह्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिची शर्यत घ्यावी असं एखाद्या मुलीला वाटलं तर उत्तमच. पण बायकांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली तीच २००८ साली. २०२४ पर्यंत ठिपके झाले अवघे पाच. पाच ठिपक्यांना कुठलीही रेषा बसते, म्हणून ती काहीच सिद्ध करत नाही. पी. टी. उषाचं पदक १९८४ साली शतांश सेकंदानं हुकलं ती ४०० मीटर अडथळ्यांची शर्यतही बायकांसाठी त्याच वर्षी सुरू झाली होती. पण तिचे ठिपके आता अकरा झाले आहेत, तेवढ्यांवर काम होऊ शकतं.

ऑलिंपिकच हवं असंही नाही. शाळेच्या क्रीडादिनाच्या जुन्या नोंदी मिळाल्या, किंवा मुलांनी महिनाभर रोज दोरीवरच्या उड्या मोजून लिहिल्या, तरी छान आलेख होतो. सरावानं उड्या आधी भराभर वाढतात आणि मग वाढ मंदावते. स्वतः जमवलेल्या आकड्यांना जी गोडी असते ती छापील तक्त्याला नाही.

आईनं काय करायचं?

एक गोष्ट मात्र करायची नाही: प्रकल्प आपण करून द्यायचा नाही. पैसे देऊन तयार प्रकल्प मिळतात, कॉम्प्युटरला विचारलं की तो पानंच्या पानं लिहून देतो, हे खरं आहे. पण मुलाला शिक्षकांनी समोर बसवून दोन प्रश्न विचारले की उसनं काम उघडं पडतं. आणि ते नाही पडलं, तरी मूल शिकायचं राहतं ते राहतंच.

आपण शेजारी बसावं, भाजी निवडता निवडता ऐकावं आणि विचारावं. विचारायचं ते या चौकटीत दिलं आहे. कापून मुलांच्या टेबलावर लावलंत तरी चालेल.

चौकट : प्रकल्प पाहताना विचारायचे सात प्रश्न

१. हे आकडे कुठून घेतले? ते लिहून ठेवलं आहे का?

२. ठिपके किती आहेत? दहाच्या आत असतील तर दुसरा विषय पाहावा का?

३. मोकळ्या जागा कुठे आहेत, आणि का?

४. खटकणारा ठिपका कोणता? त्या वर्षी काय घडलं होतं?

५. हीच रेषा का निवडली? नुसती छान बसते म्हणून, की काही कारण आहे?

६. रेषा शंभर वर्षं पुढे आणि शंभर वर्षं मागे नेली तर काय म्हणते?

७. शेवटचे दोन-तीन आकडे झाकून ठेवून, बाकीच्यांवरून ते ओळखता येतात का?

सातवा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा, बरं का! भात शिजला की नाही हे आपण शीत दाबून पाहतो, तशीच ही परीक्षा. १९८८ पर्यंतचे आकडे घेऊन २०२४ चा अंदाज करणं हे आपण वर तेच केलं. ज्या सूत्राला झाकलेला आकडा सांगता येतो, त्याच्यावर थोडा भरवसा ठेवावा. ज्याला येत नाही, त्याला सोडून देऊ नये; ते का चुकलं हेच प्रकल्पात लिहावं.

यातला एकही प्रश्न विचारायला गणित येण्याची गरज नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलं सुरुवातीला "आई, तुला नाही कळायचं" असं म्हणतील. म्हणू देत. "मग मला कळेल असं सांग," एवढंच म्हणायचं. जे आईला समजावून सांगता येतं ते परीक्षकालाही सांगता येतं. येत्या रविवारी आलेखाचा कागद आणि शिवणाचा दोरा घेऊन वरचे चौदा ठिपके मुलांबरोबर मांडून पाहा. त्यात १९४० आणि १९४४ ची जागा कोरी ठेवा, आणि ती कोरी का, हे त्यांना सांगा.